कोशातील नोंद आणि शास्त्रज्ञाची योग्यता
(बंगळूर येथे मराठी वाचकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शास्त्रीय ग्रंथाचा अनुवाद करताना एखादे अनोळखी नाव आले की हात प्रथम कोशाकडे जातो. नाव सापडले तर आपण निश्चिंत होतो. न सापडल्यास त्या व्यक्तीचे कार्य सामान्यच असावे, असे नकळत धरून चालतो. हे गृहीत कितपत बरोबर आहे, याचा आज विचार करावयाचा आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. या नगरीतील भारतीय विज्ञान संस्थेतच त्याची बोलकी उदाहरणे आहेत.

ज्ञानकोशकार केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड सिद्ध केले, तेव्हा कागद, पैसा आणि खिळे जुळविणारे हात या सर्वांनाच मर्यादा होती. 2001 साली संगणकाच्या जाळ्यावर सुरू झालेल्या विकिपीडियाला जागेची अडचण नाही. तरीही कोणाची नोंद घ्यावी हा प्रश्न तेथे उरतोच. कारण जागा अमर्याद असली तरी वाचकाचा विश्वास अमर्याद नसतो. प्रत्येक शिष्याने गुरूची आणि प्रत्येकाने स्वतःची नोंद घातली, तर कोश आणि स्तुतिपाठ यांत अंतर राहणार नाही.

म्हणून शास्त्रज्ञांसाठी काही कसोट्या ठरविण्यात आल्या. संशोधनाचा त्या विषयावर ठळक परिणाम, मोठा राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय सन्मान, मान्यवर विज्ञानसंस्थेचे सन्माननीय सदस्यत्व, प्रमुख शैक्षणिक संस्थेचे सर्वोच्च पद, यांपैकी एक उतरली तरी पुरते. मात्र ती विश्वसनीय आणि त्रयस्थ लेखनातून पडताळता आली पाहिजे. या योग्यतेला मराठीत ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. शब्द नेमका आहे. उल्लेखनीय म्हणजे थोर नव्हे. ज्याच्याविषयी इतरांनी लिहिले आहे आणि म्हणून ज्याचा आधारासह उल्लेख करता येतो, तो उल्लेखनीय.

कसोटी चांगली असली तरी ती लावणारा चुकू शकतो. कॅनडातील पदार्थवैज्ञानिक डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील नोंदीचा मसुदा 2018 च्या मे महिन्यात पुरेशा आधारांअभावी नाकारला गेला, आणि ऑक्टोबरात त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. 2013 साली त्या ऑप्टिकल सोसायटी या नामवंत संस्थेच्या अध्यक्ष होत्या. पारितोषिकाची वाट न पाहताही त्यांची नोंद घेता आली असती.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. कमला भागवत, म्हणजेच पुढील काळातील डॉ. कमला सोहोनी, या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी येथील संस्थेत प्रवेश मागितला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणाने, तो नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर अटी घालून त्यांना घेण्यात आले. 1936 साली त्या एम.एस्सी. झाल्या, 1939 साली वनस्पतींतील सायटोक्रोम सी या द्रव्यावरील कामासाठी केंब्रिजची डॉक्टरेट त्यांना मिळाली.

एवढ्यावर नोंद व्हावी काय? कठोर कोशकार नाही म्हणेल. डॉक्टरेट ही कसोटी नाही, आणि सोसलेला अन्यायही नाही. परंतु पुढे त्यांनी डाळी व नीरा यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले, नीरेवरील कामासाठी राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळविले आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद भूषविले. येथे शंका उरत नाही. मात्र विज्ञानातील डॉक्टरेट मिळविणारी पहिली भारतीय स्त्री, असे त्यांच्याविषयी सर्रास लिहिले जाते, तेथे कोशकाराने थांबावे; कारण जानकी अम्माळ यांना मिशिगन विद्यापीठाने 1931 सालीच डी.एस्सी. दिली होती. कमलाबाईंच्या मोठेपणाला अशा विशेषणाची गरज नाही.

खरा पेच पुढे आहे. रामन यांच्याच प्रयोगशाळेत अ‍ॅना मणी आणि सुनंदा बाई यांनी संशोधन केले, शोधनिबंध प्रसिद्ध केले, प्रबंध लिहिले. दोघींनाही मद्रास विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली नाही. अ‍ॅना मणी पुढे भारतीय हवामान खात्याच्या उपमहासंचालक झाल्या. त्यांची नोंद निर्विवाद आहे. सुनंदा बाईंचे जीवन मात्र अकाली संपले. त्यांच्यामागे पद नाही, सन्मान नाही, चरित्र नाही. आहेत ते निबंध. आणि स्वतःचे निबंध हा त्रयस्थ आधार होत नाही.

अशा वेळी कसोटी सैल करावी, असे काहींना वाटेल. मला ते पटत नाही. कोश हा साक्षीदारांच्या मागून चालणारा लेखनिक आहे. साक्षच नसेल तर त्याने ती कल्पनेने भरू नये. पण साक्ष नोंदविणे हे आपले काम आहे. येथील भारतीय विज्ञान अकादमीने 2008 साली ‘लीलावतीज् डॉटर्स’ हा भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांवरील चरित्रलेखांचा ग्रंथ काढला. असा एक ग्रंथ अनेक नोंदींना पाया पुरवतो. केवळ अनुवादाने नवा आधार निर्माण होत नाही, हे अनुवादक म्हणून मी जाणतो. म्हणून ग्रंथालयांनी संस्थांचे जुने अहवाल आणि मृत्युलेख जपावेत, आणि अभ्यासकांनी त्यांवरून चरित्रे लिहावीत. सुनंदा बाईंसारख्यांची नोंद व्हावी की नाही, याचा निर्णय कोशाच्या पानावर होण्यापूर्वी आपल्या कपाटांत होत असतो.