पाहुण्याची खोली आणि धुराचा वास

(गोव्याच्या किनारपट्टीवरील गावांत पर्यटकांना खोल्या देणारे घरमालक, पंचायतींचे कर्मचारी व शिक्षक यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)

परगावच्या माणसाला उतरायला जागा देणे ही गोव्यात काही नवी गोष्ट नव्हे. हॉटेल हा शब्द येथे रुळण्याच्या कितीतरी आधीपासून मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथील देवस्थानांच्या आवारात अग्रशाळा उभ्या आहेत, आणि कारवार, मंगळूर, मुंबईकडून येणारे कुळावी तेथे उतरत आले आहेत. जुन्या अग्रशाळेच्या खोलीत पलंग नसे, आरसा नसे. एक चटई आणि भिंतीतील कोनाडा एवढाच काय तो सरंजाम. तरीही उतरणाऱ्याच्या तीन अपेक्षा ठाम असत. जमीन झाडलेली असावी, विहिरीचे पाणी निर्मळ असावे आणि आपल्या आधी येथे कोण राहून गेले याची कोणतीही खूण खोलीत उरलेली नसावी. आज एका रात्रीसाठी काही हजार रुपये मोजणारा पाहुणाही मनात याच अपेक्षा घेऊन येतो. पहिल्या दोन पुष्कळ ठिकाणी पूर्ण होतात. अडते ते तिसरीपाशी.

वाटसरूच्या या अपेक्षेला कायद्याची मान्यताही जुनी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ साली सराईंसंबंधी जो कायदा झाला, त्यात सराई चालविणाऱ्याने खोल्या, ओसऱ्या, गटारे आणि पाण्याचे साठे स्वच्छ ठेवले पाहिजेत, असे कर्तव्य म्हणून सांगितले होते. गोव्यात त्या वेळी पोर्तुगीज राज्य असल्याने तो कायदा येथे लागू नव्हता; पण सराईत काय असावे याविषयीची लोकांची समजूत सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखीच होती. पुढे १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९७४ च्या सुमारास आग्वादच्या किल्ल्याशेजारी मोठे हॉटेल उभे राहिले, १९८० च्या दशकात परदेशी पर्यटकांची खास विमाने थेट दाबोळीला उतरू लागली, आणि किनाऱ्यावरच्या गावांतील साध्या घरांनीही आपल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी मोकळ्या केल्या. अशा घरांची आणि हॉटेलांची नोंदणी व्हावी म्हणून १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे. परंतु नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असले, तरी खोलीत शिरणारा पाहुणा प्रथम त्याकडे पाहत नाही.

तो प्रथम वास घेतो. जाणूनबुजून नव्हे; पण दार उघडल्यावर पहिल्या श्वासातच त्याचे निम्मे मत बनून जाते. मग तो न्हाणीघरात डोकावतो, चादरीचा कोपरा उचलून पाहतो, उशीवर केस नाही ना याची खात्री करून घेतो आणि पाण्याचा पेला उजेडात धरतो. भिंतींचा रंग, पडद्यांची नक्षी, खिडकीतून दिसणारा समुद्र यांची पाळी नंतर येते. घरमालकाने रंगरंगोटीवर पंचवीस हजार खर्च केलेले असतात आणि पाहुणा मात्र उशीवरच्या एका केसावरून नाराज होऊन बसतो, तेव्हा मालकाला ते अन्यायाचे वाटते. वास्तविक त्यात अन्याय नाही. खोली कशी साफ झाली हे पाहुण्याने पाहिलेले नसते, त्यामुळे जे दिसत नाही त्याचा अंदाज तो जे दिसते त्यावरून बांधतो. पेल्यावर बोटांचे ठसे दिसले की, ज्या हातांनी पेला पुसला त्याच हातांनी आणि त्याच फडक्याने आणखी काय काय पुसले असेल, हा विचार त्याच्या मनात येणारच.

आणि पुष्कळदा तो विचार खराही असतो. संडास, मोरी, आरसा आणि पेला या सर्वांसाठी एकच फडके वापरण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. निघून गेलेल्या पाहुण्याच्या टॉवेलनेच पेले कोरडे करणे हा त्याहून वाईट प्रकार. न्हाणीघराचे फडके व ब्रश वेगळ्या रंगाचे ठेवले, तर ही चूक अंधुक उजेडातही होत नाही. खोली वरून खाली साफ करावी, म्हणजे पंख्याची धूळ स्वच्छ चादरीवर पडत नाही. आणि आतल्या कोपऱ्याकडून दाराकडे यावे, म्हणजे पुसलेल्या जमिनीवर पाऊल उमटत नाही. चांगल्या गृहिणीला हे सांगावे लागत नाही, परंतु हंगामापुरत्या ठेवलेल्या मुलीला ते कोणी सांगितलेलेच नसते. तिला आणखी एक गोष्ट निश्चितपणे सांगितली पाहिजे: ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

गोव्याच्या पावसाळ्याची अडचण वेगळीच आहे. जून ते सप्टेंबर या काळात चादरी दोन दोन दिवस वाळत नाहीत, गाद्यांना दमट वास येतो, कपाटाच्या मागील भिंतीवर बुरशी धरते. अर्धवट वाळलेला अभ्रा इस्त्री करून घातला तर तो दिसतो छान, पण रात्री डोके टेकताच पाहुण्याला कळते. अशा दिवसांत रिकाम्या खोलीच्या गाद्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवाव्यात, कपाटे उघडी ठेवावीत आणि उघाड मिळेल तेव्हा खिडक्या उघडाव्यात. बरेच दिवस बंद असलेल्या खोलीत गटाराची दुर्गंधी येते, तिचे कारण बहुधा साधे असते. मोरीच्या जाळीखाली जे पाणी साचून राहावे लागते ते आटलेले असते. बादलीभर पाणी ओतले की वास थांबतो. डांबराच्या गोळ्या टाकून तो थांबत नाही, फक्त दुर्गंधी एकाची दोन होते.

हे सर्व वास कष्टाने जातात. परंतु एक वास असा आहे की तो कष्टालाही सहजासहजी दाद देत नाही, आणि तो म्हणजे विडी-सिगारेटचा.

पुष्कळांची समजूत अशी असते की धूर म्हणजे हवा. खिडकी उघडली, पंखा लावला की निघून जातो. डोळ्यांना दिसणारा धूर खरोखरच निघून जातो. मात्र त्यातील निकोटीन आणि इतर द्रव्ये भिंतीच्या रंगावर, पडद्यांवर, गादीच्या कापसात, लाकडात चिकटून बसतात आणि पुढे कित्येक दिवस, कधी महिने, तेथून हळूहळू पुन्हा हवेत येत राहतात. वातानुकूलन यंत्र हा वास बाहेर टाकीत असेल अशी आशा कोणी धरू नये. भिंतीवर बसविलेली नेहमीची यंत्रे खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतात. धुराचा थर त्यांच्या जाळीवर आणि आतल्या भागांवरही बसतो. म्हणूनच काही खोल्यांत यंत्र सुरू करताच जुना वास नव्याने येतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २००६ च्या अहवालाने स्पष्ट सांगितले आहे की दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी मात्रा नाही आणि केवळ हवा खेळती ठेवून त्यापासून पूर्ण बचाव होत नाही.

याहून बोलका पुरावा कॅलिफोर्निया राज्यातील हॉटेलांच्या एका पाहणीत मिळतो. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. काही खोल्यांत धूम्रपानाला मुभा देणारी हॉटेले आणि संपूर्ण बंदी असलेली हॉटेले यांची तुलना संशोधकांनी केली. ज्या हॉटेलांत मुभा होती, तेथे धूम्रपानविरहित म्हणून राखलेल्या खोल्यांच्या पृष्ठभागांवरही निकोटीनचा अंश संपूर्ण बंदी असलेल्या हॉटेलांपेक्षा जास्त आढळला. तेथे रात्र काढलेल्या, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या माणसांच्या बोटांवर निकोटीन आणि लघवीत त्याचे अवशेष अधिक प्रमाणात सापडले. म्हणजे एका खोलीतील धूर दाराच्या फटीतून, ओसरीतून, कामगारांच्या हातांतल्या चादरींच्या गाठोड्यातून दुसऱ्या खोलीपर्यंत पोचतो. त्याच देशातील वेस्टिन आणि मॅरियट या मोठ्या हॉटेल कंपन्यांनी २००६ सालीच तेथील आपल्या हॉटेलांतून धूम्रपानाच्या खोल्या बंद केल्या. इतके मोठे व्यापारी गिऱ्हाईक गमावण्याचा धोका हिशेब केल्याशिवाय पत्करीत नाहीत.

आपल्याकडील हिशेबही फार वेगळा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी १०.७ टक्के धूम्रपान करतात. म्हणजे दहांपैकी सुमारे नऊ करीत नाहीत. गोव्यात तर धुराची व बिनधुराची तंबाखू मिळूनही प्रमाण ९.७ टक्के, सर्व राज्यांत कमी. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तंबाखू या देशात आली असे मानतात. तिच्या या प्रवेशद्वारीच तिचे चाहते आज सर्वांत थोडे असावेत, हा इतिहासाचा एक गमतीदार न्याय म्हणावा.

कायद्याची स्थिती जाणून घेणे घरमालकांना आवश्यक आहे, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. गोव्याचा धूम्रपान व थुंकणे प्रतिबंधक कायदा १९९७ चा. मुंबईचे मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करण्याचा आदेश दिला. २००३ साली केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याखालील नियम अमलात आले. या नियमांत हॉटेल हे सार्वजनिक ठिकाण धरले आहे. तीस किंवा त्याहून अधिक खोल्या असलेल्या हॉटेलालाच धूम्रपानाच्या खोल्या राखून ठेवण्याची सवलत आहे, आणि तीही अटींवर. अशा सर्व खोल्या एकाच मजल्यावर वा एकाच भागात, एकत्र असल्या पाहिजेत. त्यांवर तसे इंग्रजीत व एका भारतीय भाषेत लिहिले पाहिजे. आणि त्यांतील धूर बाहेरच गेला पाहिजे, ओसरीत वा इतर खोल्यांत शिरता कामा नये. येथे एक, तेथे एक अशा खोल्या निवडून दारावर पाटी ठोकणे या नियमात बसत नाही.

आता गावातील सहा-आठ खोल्यांचे घर घ्या. त्याला ही सवलत मुळीच नाही. तेथे धूम्रपानाची खोली असूच शकत नाही, आणि धूम्रपानाला मनाई असलेल्या जागी ॲश-ट्रे, काड्यापेटी वा लायटर ठेवणे हाही नियमभंग आहे. तरीसुद्धा अनेक घरांत खिडकीच्या कठड्यावर करवंटी किंवा शिंपला ठेवलेला दिसतो. मालक म्हणतो, पाहुण्याने जमिनीवर राख झाडू नये म्हणून ठेवला. पाहुणा त्याचा अर्थ परवानगी असा घेतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

धूम्रपान करणाऱ्याला शत्रू समजण्याचे कारण नाही. तोही पाहुणाच आहे, आणि आधी स्पष्ट सांगितले तर बहुतेक जण ऐकतात. खोली ठरविताना दूरध्वनीवरच एक वाक्य बोलले की पुढचा वाद टळतो. अडचण असते ती नाही म्हणण्याच्या संकोचाची. आलेल्या माणसाला दारातच नियम ऐकवणे आपल्या आतिथ्याच्या कल्पनेला रुचत नाही. म्हणून मालक गप्प राहतो, रात्री खोलीतून वास येतो तेव्हाही गप्प राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सुगंधी फवारा मारून तीच खोली पुढच्या कुटुंबाला देतो.

समजा, ते कुटुंब इंदूरहून आले आहे आणि त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला दमा आहे. वडिलांनी महिनाभर आधी विचारून घेतले होते, आणि खोलीत कोणी धूम्रपान करीत नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. रात्री दहाला ते पोचतात. फवाऱ्याचा वास दारातच येतो, यंत्र सुरू केल्यावर त्याखालचा दुसरा येतो. नाताळचे दिवस, गावात दुसरी खोली नाही. दम्याच्या रुग्णाला धूर जितका बाधतो, तितकाच कित्येकदा तो झाकण्यासाठी मारलेला सुगंधही बाधतो. मध्यरात्री मुलाला धाप लागते आणि अनोळखी गावात आईवडील दवाखाना शोधत हिंडतात. तेथे घरमालकाने चोरी केलेली नाही, पैसे जादा घेतलेले नाहीत. त्याने फक्त एक गोष्ट सांगितली नाही. खोलीत धूम्रपान झाले आहे, असे आधी कळले असते, तर ते कुटुंब कदाचित दुसरीकडे गेले असते, आणि एका रात्रीचे भाडे बुडाले असते.

या सगळ्यात एका व्यक्तीचा विचार सहसा होत नाही. पाहुणा एक-दोन रात्री राहून जातो. खोल्या झाडणारी बाई मात्र वर्षभर रोज त्याच हवेत वाकून काम करते, धुराने माखलेल्या चादरी उराशी धरून विहिरीवर नेते. सकाळी अकराला एक कुटुंब निघते आणि बाराला दुसरे दारात उभे राहते, तेव्हा त्या एका तासात तिने चार खोल्या लावाव्यात अशी अपेक्षा असते. खोली खराब राहिली तर बोलणी तिलाच बसतात. वास्तविक धूम्रपान झालेली खोली तासाभरात तयार होतच नाही. ती निदान एक-दोन दिवस भाड्याने न देता उघडी ठेवावी लागते. पडदे, पलंगपोस, अभ्रे सगळे धुवावे लागतात, यंत्राची जाळी काढून स्वच्छ करावी लागते, भिंती आणि लाकडी सामान साबणाच्या पाण्याने पुसावे लागते. वर्षानुवर्षे धूर साचलेला असेल, तर गादी बदलून नवा रंग द्यावा लागतो, आणि तेव्हा कोठे तो वास जातो. हा खर्च समोर मांडून पाहिला, म्हणजे खोली ठरवितानाच्या त्या एका वाक्याची किंमत ध्यानात येते.

नियमांप्रमाणे प्रत्येक प्रवेशद्वारी, प्रत्येक मजल्यावर व जिन्यापाशी किमान ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद फलक लावावयाचा असतो. नियम मोडणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. आणि तक्रार येऊनही मालकाने काही केले नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्यालाही भरावा लागतो. तक्रार कोणाकडे करावी त्या व्यक्तीचे नावही ठळकपणे लावावे लागते. मोठ्या हॉटेलात तेथे एखाद्या व्यवस्थापकाचे नाव असते. गावातल्या सहा खोल्यांच्या घरात ते बहुधा मालकिणीचेच असेल, आणि रात्री अकराला दार वाजले तर उठून जावे लागेल तेही तिलाच.