शून्याची जागा आणि तर्काचे प्रश्न



कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी व खोपोली ही स्थानके क्रमाने लागतात. कर्जतला ० हा क्रमांक दिला, तर खोपोलीचा क्रमांक कोणता? हा प्रश्न वर्गात घालून पाहावा. पुष्कळ मुले ६ म्हणतील, कारण कर्जत धरून स्थानके सहा होतात. उत्तर ५ आहे. बोटांवर मोजताना १ पासून आरंभ करण्याची सवय जडलेली असते. शून्यालाही स्वतःची जागा असते, हे मुलास कोणी दाखविलेले नसते. ‘शून्य म्हणजे काही नाही’ हे पहिलीत सांगितलेले वाक्य पुढे दुरुस्त केले जात नाही आणि शिष्यवृत्तीच्या अथवा नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत तेच आडवे येते.

एक विधान घ्यावे : ‘दोन पूर्ण संख्यांचा गुणाकार त्या दोन्ही संख्यांपेक्षा मोठा असतो.’ मूल ३ व ४ घेते, ५ व ६ घेते, आणि ‘बरोबर’ या पर्यायावर खूण करते. त्याने ७ व १ घेतले असते तर गुणाकार ७ च राहिला असता. ७ व ० घेतले असते तर ० आला असता. विधान खरे ठरण्यास ते सर्व संख्यांना लागू पडावे लागते. खोटे ठरण्यास एकच उदाहरण पुरते. गुणाकार चुकला नाही, पाढेही पाठ होते. तरी गुण गेला. अशा प्रश्नास ‘फसवा’ म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रश्न फसवा नसतो. संख्या निवडताना ० आणि १ यांना बाहेर ठेवले गेलेले असते.

०, २, ५, ७ हे अंक प्रत्येकी एकदाच वापरून चार अंकी लहानांत लहान सम संख्या करावयाची आहे. घाईने ०२५७ लिहिणारे मूल शून्याची जागा विसरते. २०५७ लिहिणारे ‘सम’ हा शब्द विसरते. शून्य शेवटी ठेवल्यास २५७० मिळते. २ शेवटी ठेवल्यास ५०७२ च्या खाली जाता येत नाही. म्हणून उत्तर २५७०. शून्य स्वतः सम आहे, हेही येथेच सांगावे, कारण २ ने भागता बाकी उरत नाही. पहिल्या पाच सम नैसर्गिक संख्यांची बेरीज ३० होते. ‘नैसर्गिक’ऐवजी ‘पूर्ण’ म्हटले की ० आत येतो आणि बेरीज २० होते. एका शब्दाने दहाचा फरक पडतो. तेव्हा प्रश्न मोठ्याने वाचून घेण्यात गेलेला वेळ वाया गेला असे समजू नये.

भागाकाराविषयी मुलांना रागावू नये. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त शून्याचे नियम मांडले, पण शून्यास शून्याने भागल्यास शून्य येते असे त्याने मानले. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीस ‘खहर’ म्हटले. आजच्या गणितात शून्याने भागणे ही क्रियाच मानीत नाहीत. वर्गात १२ चिंचोके ठेवावेत. तीन-तीन उचलले तर चार वेळा उचलावे लागतात; शून्य-शून्य उचलले तर ढीग कधीच संपत नाही. हे पाहिलेले मूल १२ ÷ ० चे उत्तर ० असे सहसा लिहिणार नाही.

शहरातील मुलास शिकवणीत हे कानावर पडते. वाडीवरच्या ठाकूर-कातकरी मुलास, त्यातही आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाऊन काही महिन्यांनी परतलेल्या मुलास, शाळेखेरीज दुसरी जागा नाही. त्याची आकडेमोड पुष्कळदा चांगली असते, कारण जांभळा-करवंदांच्या वाट्यांचा हिशेब त्याने बाजारात केलेला असतो. त्या हिशेबात शून्य क्वचितच येते, ते शाळेनेच आणावयाचे.

वरच्या वर्गांत हीच रेल्वे उलट दिशेने न्यावी. कर्जत ०, भिवपुरी रोड उणे १, नेरळ उणे २. नेरळहून खोपोली किती स्थानके पुढे, असे विचारावे आणि सात हे उत्तर मुलांना फळ्यावरील रेषेवरच शोधू द्यावे.