लोहमार्ग बांधणारे चिनी मजूर

दिनांक १० मे १८६९ रोजी अमेरिकेच्या यूटा प्रदेशात, प्रॉमन्टरी येथे, पूर्वेकडून व पश्चिमेकडून येणारे लोहमार्ग एकमेकांस मिळाले. त्या सोहळ्याचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. परंतु पश्चिमेकडील मार्ग मुख्यतः ज्यांच्या श्रमाने उभा राहिला, ते चिनी मजूर त्यात जवळजवळ दिसतच नाहीत. त्या देशाला त्यांचे श्रम हवे होते. माणसे मात्र नको होती.

सेंट्रल पॅसिफिक कंपनीने १८६५ पासून या मजुरांची मोठी भरती केली. दक्षिण चीनमधून आलेल्या या हजारो माणसांनी सिएरा नेवाडा पर्वताचा कठीण कातळ फोडून बोगदे काढले. सुरुंगांनी व कोसळणाऱ्या हिमराशींनी कित्येकांचे बळी घेतले. गोऱ्या मजुरांना वेतनाखेरीज भोजनही मिळे. चिनी मजुरांना ते पदरमोड करून करावे लागे. जून १८६७ मध्ये वाढीव वेतन आणि कामाचे कमी तास मागून त्यांनी शांतपणे काम थांबविले. कंपनीने त्यांची रसद तोडली आणि आठवडाभरात संप मोडला.

कायदाही त्यांच्या पाठीशी नव्हता. गोऱ्या मनुष्याविरुद्ध चिनी मनुष्याची साक्ष ग्राह्य नाही, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५४ मध्येच दिला होता. जेथे साक्षच नाही, तेथे दाद कोणाकडे मागावी? १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाचे दार बंद झाले. १८८५ मध्ये वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे जमावाने किमान २८ चिनी खाणकामगारांची हत्या केली; शिक्षा कोणालाही झाली नाही.

तथापि हे लोक मुकाट्याने सोसत राहिले नाहीत. सॅन फ्रान्सिस्को शहरात लाकडी इमारतीत लाँड्री चालविण्यास नगरमंडळाची परवानगी लागे. नियमात वंशाचा उल्लेख नव्हता; पण सुमारे २०० चिनी अर्जदारांना ती नाकारली गेली आणि इतरांपैकी बहुतेक सर्वांना मिळाली. यिक वो या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्ये ठरविले की, कायद्याचे शब्द निःपक्षपाती असले, तरी त्याची अंमलबजावणी पक्षपाती असेल, तर समतेचा भंग होतो.

बंदी उठली ती १९४३ मध्ये, चीन युद्धातील मित्र ठरल्यावर. तीही वर्षाला १०५ जणांपुरती. दरम्यान १९१७ मध्ये तेच दार हिंदी लोकांनाही बंद झाले होते.

समता कायद्यात लिहिलेली असली, तरी तिची कसोटी अर्ज हाती घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मेजावर लागते. त्या चिनी धोब्यांनी मिळविलेला निकाल हेच सांगतो.