गैरहजर मुलाची शाळा



एखादं मूल शाळेत येईनासं झालं की ‘त्याला शिकायचंच नाही’ असं म्हणून मोकळे होणारे शिक्षक बरेच. ‘का येत नाही ते घरी जाऊन बघतो’ म्हणणारे थोडे. आज मला या थोड्यांबद्दल बोलायचं आहे.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. सोबतीला आल्या पस्तिशीच्या अनुताई वाघ. बालवाडी उघडली, पण गरीब वस्त्यांतली मुलं येईनात. येणार तरी कशी? कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाच्या मागे गुरं. तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. साहित्य म्हणजे शिंपले, बिया, पानं, खडे.

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. भावंडाला पाळणाघरात सोडून थोरली बहीण वर्गात बसू लागली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरत आणि मुलं तिथंच शिकत.

शिक्षकाचं प्रेम मला इथं दिसतं. मुलाची अडचण खरी मानून त्यांनी शाळेची वेळ, जागा आणि रीत बदलली. आणि विश्वास? दिवसभर रानात हिंडून संध्याकाळी एकही जनावर न हरवता घरी आणणारा पोरगा मठ्ठ असूच शकत नाही, अशी खात्री बाळगणं म्हणजे विश्वास. परीक्षेत गुण मिळवल्यावर तो सगळेच ठेवतात. शिक्षकाला तो आधी ठेवावा लागतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली. फार चांगलं झालं. पण कायदा हातातली छडी काढून घेऊ शकतो, मनात माया घालू शकत नाही. आणि माया म्हणजे लाडही नव्हेत. चुकलेलं गणित चुकलंच म्हणायचं, मात्र ‘तुला जमणारच नाही’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी घटकाभर थांबायचं. ज्याच्यावर कुणी काही सोपवत नाही, त्याच्या हाती वाचनालयाच्या कपाटाची किल्ली द्यायची.

‘भरलेल्या वर्गात, माहितीचे तक्ते भरता भरता हे कधी करायचं?’ असं शिक्षक विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. ज्या शिक्षकाला प्रत्येक गोष्टीचा फोटो काढून पुरावा द्यावा लागतो, त्यानं मुलांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवावा, ही अपेक्षा विचित्रच. शिक्षकावरही कुणी आधी विश्वास ठेवावा लागतो. ताराबाईंनी अनुताईंवर काम सोपवलं ते असाच विश्वास ठेवून. म्हणून १९७३ मध्ये ताराबाई गेल्या तरी कोसबाडचं काम थांबलं नाही. अनुताईंनी ते पुढे नेलं.

तेव्हा पालकहो, अधिकारीहो, शिक्षकाला थोडा मोकळा वेळ द्या. आणि गुरुजी, बाई, तो वेळ मिळाला की हजेरीपटावर सलग ‘गैरहजर’ लागलेल्या मुलाच्या घरी आधी जा.