दुःखिताला बोलते करण्याची घाई
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, किल्लारीचा परिसर भूकंपाने हादरला. गणपती विसर्जन आटोपून माणसे नुकतीच झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कोसळून लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे मेली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून कार्यकर्ते धावून गेले. त्यांच्या त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो मदतीच्या पद्धतीचा.

अशा प्रसंगी ढिगाऱ्यापाशी बसलेल्या बाईला सकाळी तलाठी विचारतो, घरातली किती गेली? दुपारी वार्ताहर तेच विचारतो, आणि सायंकाळी प्रश्नावली घेऊन आलेला विद्यार्थीही. प्रत्येकाचा हेतू चांगला. पण गेलेली लेकरे तिला दिवसातून तीनदा मोजावी लागतात. बोलले म्हणजे मन हलके होते, ही समजूत यामागे असते. एकाच बैठकीत आपद्ग्रस्ताकडून सारा अनुभव वदवून घेण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत बराच काळ रूढ होती. तिने पुढचे मानसिक विकार टळत नाहीत असे अभ्यासांत आढळले, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती वापरू नये असे सुचविले. संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतील क्रम साधा आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. ऐकायचे ते माणूस आपण होऊन सांगेल तेवढेच. जोडून द्यायचे ते हरवलेल्या नातलगांशी, रेशनशी, दवाखान्याशी.

याला नाजूक मनांचे लाड म्हणून हिणविणारे पक्षांतही आढळतात. त्यांनी थोडा इतिहास पाहावा. आघातोत्तर मनोविकाराला अमेरिकन वैद्यकाच्या अधिकृत सूचीत 1980 साली स्थान मिळाले, ते व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या चळवळीच्या रेट्यामुळे. घरातील मारहाण व बलात्कार यांच्या मानसिक परिणामांची दखल स्त्री-चळवळीने घ्यायला लावली. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ विदुषीने 1992 च्या ग्रंथात हाच धागा उलगडला आहे : पीडितांच्या बाजूने राजकीय चळवळ उभी राहते तेव्हाच त्यांच्या जखमा शास्त्राला दिसतात. त्यांच्या मते आघाताचे मर्म असहायतेत आहे. म्हणून ज्या उपचारात पीडिताच्या हाती काहीच निर्णय उरत नाही तो, कितीही प्रेमाने केला तरी, व्यर्थ जातो.

किल्लारीची पुनर्बांधणी या कसोटीवर तपासून पाहण्याजोगी आहे. बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. सरळ रस्ते आले, आखीव घरे आली. पण जुनी गल्ली, भावकीचा शेजार आणि बायकांची बसण्याची जागा त्या आराखड्यांत हरवली. याउलट जेथे जुनी घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करायची होती, तेथे पैसा हप्त्याहप्त्याने घरधन्याच्या हाती पडला, आणि गावातल्याच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमून त्यांनी शासन व गाव यांच्यातील दुवा व्हावे अशी योजना झाली. ज्या भिंतीखाली माणसे गेली ती कशी बांधायची, हे तिथे राहणाऱ्याने पाहून-विचारून ठरविणे यात अभियांत्रिकीहून अधिक काही आहे. दगडी छताखाली झोपायला धजत नसलेल्या माणसाला अंधश्रद्ध म्हणण्यापेक्षा कोनाची मजबुती त्याच्या हाताने चाचपू द्यावी.

राहिला कार्यकर्ता. रोज प्रेते, रोज आक्रोश पाहून त्याचेही मन बधिर होते; मग तो खेकसू लागतो, नाहीतर अपुऱ्या झोपेचा अभिमान मिरवू लागतो. हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. परंतु त्याचा भुर्दंड आपद्ग्रस्ताला बसतो. पथकप्रमुखाने पाळ्या लावाव्यात, रात्री सर्वांना एकत्र बसवून दिवसाची विचारपूस करावी. रडणाऱ्याशेजारी काही न विचारता पाच मिनिटे बसणे ज्याला त्या दिवशी जमत नसेल, त्याला धान्याच्या गोदामावर पाठवावे. तेथेही माणसे नेहमी कमीच पडतात.