सात वाजता फोन कोणाकोणाचा खाली?

आपल्या नेवासा तालुक्यातलं सौंदाळा गाव तुम्हाला माहीत असेलच. आई-बहिणीवरून शिवी दिली तर 500 रुपये दंड, असा ठराव तिथल्या ग्रामसभेनं नोव्हेंबर 2024 मध्ये केला. गाजला तो शिवीचाच ठराव. संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासाच्या वेळेत मुलांच्या हाती मोबाईल नको, हेही त्याच गावानं ठरवलं, ते मात्र मागं राहिलं.

आमच्या गटांच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की हाच विषय निघतो. पोरगं नववीत गेलं, रात्री बारापर्यंत पांघरुणात रील बघतं, सकाळी उठवलं तर अंगावर येतं. एवढं सगळ्याजणी सांगतात. मग एखादी हळूच म्हणते, "आणि सातला आपली मालिका असते, तिचं काय?" सगळ्या हसतात. खरी अडचण तिथंच आहे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं ती ओळखली. लॉकडाऊननंतर शाळा भरल्या, तर मुलांचं लिहिण्या-वाचण्यात मनच लागेना. ऑगस्ट 2022 मध्ये तिथं महिलांची ग्रामसभा झाली आणि भोंगा घ्यायचं ठरलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, साडेआठला पुन्हा वाजतो. मधला दीड तास घराघरात मोबाईलही बंद आणि टीव्हीही बंद. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. एकट्या पोरांना बंदी आणि बापाच्या हातात फोन, असं असतं तर ते आठवडाभरही टिकलं नसतं, असं आम्हाला वाटतं.

आमच्या गावाला भोंगा नाही. आमच्यातल्या काहीजणी सात वाजता घरातले सगळे फोन पिठाच्या डब्यावर ठेवतात, धन्याचासुद्धा. धनी कुरकुरतात. कुरकुरू द्या.

पण सगळ्या घरांना एकच माप लागत नाही. पाथर्डी-शेवगावकडची कितीतरी माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, पोरं आजीजवळ राहतात. फडावरून आईचा फोन येतो तो रात्रीच. त्या पोराचा मोबाईल काढून घेतला तर आईचा आवाजच बंद होतो. तिथं आजीनं फोन आपल्याजवळ ठेवावा, बोलणं झालं की परत घ्यावा. आजीला फोन बंद-चालू करायला शिकवणं हे गटाचंच काम.

आता मुलींचं. मुलाला फोन आणि मुलीला धाक, हे आपल्याच घरांत चालतं. कुणी तिचा फोटो उचलून धमकी दिली तर ती गप्प बसते. तिला माहीत असतं, घरी कळलं की आधी फोन जाईल, मग शाळा, मग स्थळं बघायला लागतील. धमकी देणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. म्हणून तिला आजच सांगून ठेवा: काही झालं तर आधी मला सांग, तुझी शाळा बंद होणार नाही. आलेले मेसेज पुसू नका, तोच पुरावा असतो. पैसे देऊ नका. सायबर तक्रारीसाठी 1930, आणि अठराच्या आतल्या मुलांसाठी 1098, हे दोन नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. जिला लिहिता येत नाही, तिनं लेकीकडून लिहून घ्यावेत.