रानबदकांचा विषाणू शेडमध्ये शिरतो तेव्हा

२००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांची मर लागली, तेव्हा तिथल्या पोल्ट्रीवाल्यांना ती मानमोडी, म्हणजे राणीखेतच वाटली. निघाला बर्ड फ्लू, देशातला पहिला. असं काही झालं की बोट आकाशाकडे जातं: पाहुण्या पक्ष्यांनी आणला! हा आरोप फार तर अर्धा खरा आहे.

या विषाणूचं मूळ बिऱ्हाड रानबदकांच्या आतड्यात. तिथे तो निमूट राहतो, विष्ठेतून तळ्यात उतरतो, पाण्याबरोबर दुसऱ्या बदकाच्या पोटात जातो. बदक सहसा आजारी दिसतही नाही. तो जहाल होतो तो बहुधा कोंबड्यांत शिरल्यावर, आणि तोही एच५ आणि एच७ या दोन गटांतलाच.

विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. 'एच' तो हाच. ते एका ठरावीक जागी कापलं गेल्याशिवाय विषाणूचा पेशीत शिरकाव होत नाही. कापणारी विकरं मात्र पक्ष्याच्याच शरीरातली! सौम्य विषाणूला लागणारी विकरं मुख्यतः आतड्यात आणि श्वसनमार्गात असतात, म्हणून आजारही तिथेच अडतो. पण त्या जागी काही अमिनो आम्लं जादा घुसली, की फ्युरिन हे विकर कापाकापीला लागतं. आणि फ्युरिन मेंदूपासून हृदयापर्यंत सगळीकडे आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १९८३च्या एप्रिलमध्ये एच५एन२ आला तो सौम्य होता. ऑक्टोबरात त्यानंच शेडच्या शेड रिकाम्या करायला सुरुवात केली. ती साथ थोपवताना सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी गेले. विषाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट वेब्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही विषाणू ताडून पाहिले. कापायची जागा आधीपासून तयारच होती. साखरेच्या एका साखळीनं ती झाकलेली होती. एका छोट्याशा बदलानं ते झाकण उडालं.

असे बदल बदकांतही होत असतील. पण गलितगात्र बदक विषाणूला घेऊन दूर उडत नाही. एका छपराखाली हजारो कोंबड्या असल्या, तर एक मेली तरी दुसरी चोचीच्या अंतरावर असते. म्हणून माझ्या मते जहालपणात विषाणूइतकाच शेडचाही वाटा आहे.

आणि हा जहाल विषाणू रानपक्ष्यांत परतही जातो. १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांत सापडलेल्या एच५एन१चा वंश २००५च्या मे महिन्यात चीनमधल्याच चिंगहाय सरोवरावर पोहोचला. हजारो रानपक्षी मेले. त्यांत मोठा भरणा होता पट्टकादंबांचा, हिवाळ्यात आपल्या नांदूर मधमेश्वरला आणि उजनीला उतरतात त्याच जातीचा.